भिंगारहून लॉर्ड किचनर यांस

लॉर्ड होरेशिओ हर्बर्ट किचनर,
माजी सरसेनापती, दक्षिण आफ्रिका आणि हिंदुस्थान, यांस –

पत्राची सुरुवात नमस्काराने करायची आमच्याकडे रीत आहे. तुम्हाला हात जोडवत नाहीत, म्हणून तेवढं वगळून लिहिते. 5 जून 1916 ला ऑर्कनी बेटांजवळ तुमची युद्धनौका बुडाली आणि तुमचा देह हाती लागलाच नाही, तेव्हा पत्र टाकायला पत्ताही नाही. चारचौघांत वाचून दाखवते. आमच्या किल्ल्याशी तुमचं काय नातं होतं, ते निदान नगरकरांना कळू दे.

नगरचा किल्ला म्हटलं की आम्हाला 1942 आठवतं. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, शंकरराव देव असे काँग्रेस कार्यसमितीचे बारा जण इथे खटल्याविना डांबले होते. किल्ला आजही लष्कराकडे आहे. नेहरूंची खोली बघायला लोक बाहेरून येतात, चार फोटो काढतात आणि जातात. त्या बारा जणांच्या चाळीस वर्षं आधी इथे तुमचे बोअर कैदी होते, हे त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. बोअर म्हणजे ट्रान्सवाल आणि ऑरेंज फ्री स्टेटचे डच वंशाचे शेतकरी. दक्षिण आफ्रिकेतल्या लढाईत धरलेल्यांना तुमच्या सरकारने सेंट हेलेना, बर्म्युडा, सिलोन इथे पाठवलं आणि सुमारे नऊ हजार जणांना हिंदुस्थानात आणलं. नगर, सातारा, अंबाला, त्रिचनापल्ली अशा छावण्यांत ते वाटले गेले. आमच्या मुलखात तेव्हा 1899–1900 च्या दुष्काळाच्या जखमा ओल्या होत्या. अशा ठिकाणी परक्या देशाचे शेतकरी खंदकाच्या आत बसून दिवस मोजत होते.

आणि त्यांच्या घरी काय चाललं होतं, साहेब?

तुम्ही हिशेबाचे पक्के. आठवड्याला किती मारले, किती जखमी, किती धरले, याचा आकडा तुमच्याकडून विलायतेला जायचा आणि त्या आकड्याला तुमच्या लष्करात ‘बॅग’ म्हणत. हा शिकाऱ्याचा शब्द. रानात हाका घालून जनावर हुसकावं तसं तुम्ही माळरानावर काटेरी तारा ओढून, सुमारे आठ हजार चौक्या उभारून माणसांना हुसकावलं. तीस हजारांच्या आसपास शेतघरं जाळली. बायकामुलांना तंबूंत कोंडायची सुरुवात तुमच्या आधीच्या रॉबर्ट्स साहेबांनी केली, तेवढं त्यांच्या नावावर. पण 21 डिसेंबर 1900 चं परिपत्रक तुमचं आहे. गनिमांचा दम तोडायचा तर त्यांची बायकामुलं गोळा करून छावण्यांत आणणं हा सगळ्यात परिणामकारक उपाय, असा त्याचा मतलब. बाप हाती लागत नाही म्हणून लेकरू धरायचं! आमच्याकडे वसुलीला आलेला दांडगा सावकारसुद्धा दारातली म्हैस सोडून नेई, पाळण्यातल्या पोराला हात लावत नसे.

त्या छावण्यांतला शिधा मला विसरता येत नाही. सुरुवातीला त्याच्या दोन प्रती होत्या. नवरा शरण आला असेल त्या बाईच्या वाट्याला मांस, आणि नवरा अजून लढत असेल तिला मांस नाही. शेजारी-शेजारी तंबू, रांग एकच, आणि कुणाच्या पोराच्या ताटात काय पडायचं ते त्याचा बाप कुठे आहे यावर ठरणार. ब्लूमफाँटेनच्या छावणीत साबण नव्हता. नदीचं पाणी विषमज्वराचं, आणि ते उकळायला पुरेसं सरपण नाही. गोवर आला आणि तंबूंतून मुलं उचलली जाऊ लागली. सुमारे 28 हजार बोअर मेले. त्यांत 22 हजारांच्या आसपास सोळा वर्षांखालची मुलं. नगरच्या किल्ल्यातल्या किती बापांची घरं त्या आकड्यात संपली असतील?

गोवराला कोण काय करणार, असं तुमचे कैवारी म्हणतात. त्यांच्यासाठी दोनच आकडे देते. ऑक्टोबर 1901 मध्ये या छावण्यांतलं मरण वर्षाला हजारी 344 या गतीने चाललं होतं. विलायतेत त्याआधीच आरडाओरड झाली होती, मग छावण्या लष्कराकडून काढून मुलकी अधिकाऱ्यांकडे दिल्या गेल्या. फेब्रुवारी 1902 मध्ये तोच आकडा हजारी सत्तरच्या आसपास आला. रोग तोच, माळ तोच, तंबूही तेच. कारभार तेवढा बदलला.

ती आरडाओरड उठवली एमिली हॉबहाउस नावाच्या एका बाईने. जानेवारी 1901 मध्ये ती ब्लूमफाँटेनला पोचली, तंबूतंबूंत बसली, बायकांनी सांगितलं ते टिपून घेतलं. जूनमध्ये तिने ते लंडनमध्ये मांडलं. तिला भेटल्यावर विरोधी पक्षनेते कॅम्बेल-बॅनरमन यांनी जाहीर भाषणात या युद्धाच्या पद्धतीला रानटी म्हटलं. आपलं सैन्य परमुलखात लढत असताना हे बोलणं म्हणजे देशद्रोह, असं तेव्हाही ओरडणारे होतेच, तरी ते बोलले. ऑक्टोबरमध्ये हॉबहाउस पुन्हा केपटाउनला आली, तेव्हा तुम्ही काय केलंत? मार्शल लॉ दाखवून तिला उतरू दिलं नाही. ती पायी चालायला तयार होईना म्हणून तुमच्या शिपायांनी तिला उचलून दुसऱ्या बोटीवर नेलं. अडीच लाखांची फौज हाताशी असताना एका बाईच्या वहीची तुम्हाला एवढी धास्ती वाटली. धास्ती वाटण्यासारखीच वही होती ती.

पुढे जानेवारी 1914 मध्ये याच बाईने दक्षिण आफ्रिकेचे मंत्री स्मट्स यांना लिहून तिथे लढणाऱ्या गांधीजींसाठी शब्द टाकला. म्हणून ती आमचीही आहे.

बोअर संत नव्हते, हे मला माहीत आहे. काळ्या माणसांना त्यांनी कधी बरोबरीचं मानलं नाही, आणि 1948 नंतर त्यांच्या वंशजांनी त्या देशात काय केलं ते जगाने पाहिलं. पण त्याने तंबूतल्या मुलीचा गुन्हा सिद्ध होत नाही. आणि काळ्या माणसांना तुम्ही कुठे सोडलंत? त्यांच्यासाठी वेगळ्या छावण्या काढल्या, युद्ध संपलं तेव्हा त्यांत एक लाखाहून जास्त माणसं होती.

युद्ध 31 मे 1902 ला संपलं. कैद्यांना घरी जायचं तर इंग्रज राजाशी इमान राखायची शपथ घ्यावी लागणार होती. हिंदुस्थानातल्या काहींनी ती घेतली नाही. ज्याने आपलं घर जाळलं त्याला राजा म्हणण्यापेक्षा परमुलखातली कैद बरी, असं त्यांचं म्हणणं असणार. अखेर 1903 सरता सरता त्यांचाच सेनापती दे ला रे समुद्र ओलांडून आला आणि त्यांना समजावून घेऊन गेला. तोवर तुम्ही इथे सरसेनापती होऊन वर्ष झालं होतं. त्यांची घरं जाळणारा आणि त्यांच्यावर पहारा ठेवणाऱ्या फौजेचा धनी एकच!

इथे येऊनही तुमचा हट्ट तोच राहिला, लष्कराच्या कारभारात दुसऱ्या कुणाचाही हात नको. त्या भांडणात 1905 मध्ये खुद्द व्हाइसरॉय कर्झनने राजीनामा दिला. कर्झनबद्दल मला माया नाही, बंगालची फाळणी त्याचीच. पण त्या एका वादात तो बरोबर होता. फौजेवर उधळल्या जाणाऱ्या पैशाचा जाब गोपाळ कृष्ण गोखले त्याच काळात कायदे कौन्सिलात दरवर्षी विचारत होते.

सुदानही तुमच्याच खात्यावर. 1898 मध्ये ओमदुरमानला एका सकाळीत दहा हजारांच्या आसपास सुदानी तुमच्या तोफा-बंदुकांपुढे पडले. मग वर्गणी काढून तुम्ही खार्टूमला जनरल गॉर्डनच्या नावाने कॉलेज उभारलं. त्याचंच पुढे विद्यापीठ झालं. 21 ऑक्टोबर 1964 ला तिथली मुलं दक्षिणेतल्या लष्करी कारवाईवर बोलायला जमली आणि तेव्हाचा लष्करशहा जनरल अब्बूद याच्या पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्यातून पेटलेल्या संपाने अब्बूदला महिनाभरात खाली खेचलं. 2019 मध्येही खार्टूमचे लोक लष्कराच्या मुख्यालयासमोर ठाण मांडून बसले होते, 3 जूनला त्यांच्यावर गोळीबार झाला. एप्रिल 2023 पासून दोन सेनापतींच्या भांडणात ते शहर उद्ध्वस्त झालं आहे, आणि बायकामुलं पुन्हा छावण्यांत आहेत.

एक हिशेब तुमच्याकडून येणं आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या काळ्यांच्या छावण्यांत 14 हजारांवर मरणांची नोंद सापडते. अभ्यासक म्हणतात, खरी संख्या 20 हजारांच्याही वर असेल. म्हणजे हजारो माणसांच्या नावापुढे रेघही ओढायची तसदी तुमच्या माणसांनी घेतली नाही. ‘बॅग’ मात्र दर आठवड्याला चोख भरत होती. तेवढी नावं द्या.

आपली,
भिंगारची एक रहिवासी