मेसडाखची बायको

– काकू, ऐकलंत का? आमच्या घरमालकिणीच्या जिन्यात ते समुद्राचं जुनं चित्र आहे ना, जलरंगातलं? ते म्हणे चित्रकार मेसडाखचं!

– सही बघितलीस?

– ती गेलीय फ्रेमच्या पट्टीखाली. आणि फ्रेमला बाई हात लावू देईल तर शपथ.

– मग म्हणेलच ती. इथे हेगमध्ये निम्म्या जिन्यांत मेसडाख लटकतोय. बरं, होडी कुठेय? पाण्यात की वाळूत?

– वाळूत. घोडे ओढताहेत.

– मग देखावा तरी जुना आहे. इथल्या किनाऱ्यावर, स्खेवेनिंगेनला, तेव्हा बंदर कुठे होतं? सपाट बुडाच्या होड्या थेट किनाऱ्यावर चढवायच्या आणि घोडे लावून ओढायच्या. १८९४च्या डिसेंबरात वादळानं त्या काठावरच फोडल्या. मग कुठे जाग आली, आणि बंदर व्हायला १९०४ उजाडलं.

– पण हा मेसडाख आधी बँकेत होता ना?

– बापाचीच बँक गं, ख्रोनिंगेनला. पस्तिशीपर्यंत खतावण्या लिहिल्या आणि १८६६ला सगळं सोडून गेला ब्रसेल्सला, चित्रकला शिकायला.

– अगं बाई! बायको काही बोलली नाही?

– बोलली ना, जा म्हणाली! सीन्त्ये तिचं नाव. माहेरचा पैसा वाट्याला आला होता, म्हणून तर जमलं. चार वर्षांत, १८७०ला, पॅरिसच्या सलों प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक. समुद्र न्याहाळायला म्हणून इथे स्खेवेनिंगेनच्या किनाऱ्यावर वेगळी खोली भाड्यानं घेतली होती पठ्ठ्यानं.

– नुसता समुद्र बघायला खोली? हौस बघा!

– पुढचं मात्र वाईट आहे हं. १८७१ला एकुलता एक मुलगा गेला त्यांचा, आठ वर्षांचा. त्यानंतर सीन्त्येनं नेटानं ब्रश हातात धरला. तू पॅनोरामा बघितलास की नाही अजून?

– गोल खोलीतला? राहिलाय.

– इतकी वर्षं इथे राहून? १४ मीटर उंच, १२० मीटर घेर. मधे उभं राहायचं, चहूकडे १८८१चं स्खेवेनिंगेन. मेसडाखबरोबर आणखी काही चित्रकार राबले आणि हीसुद्धा. नाव काय पडलं? पॅनोरामा मेसडाख! तिला त्यानं चित्रातच बसवलीय, वाळूत, पांढऱ्या छत्रीखाली, चित्र काढताना. पुढे हा पॅनोरामा काढून घेणारी कंपनी बुडाली, तेव्हा यानंच चित्र विकत घेतलं. बँकेतला माणूस शेवटी.

– म्हणजे आमच्या जिन्यातलं तिचंही असू शकेल?

– का नसावं? पट्टी थोडी सरकवून बघ की, घरमालकीण बाजारात गेली की.

– नको हो काकू. खरंच मेसडाख निघाला तर भाडं वाढवेल ती!