फुकटच्या पॉइंटांचे पैसे कुणाचे?

(धाराशिवमधली एक गल्ली. मधल्या भिंतीच्या अलीकडं काकू ज्वारी निवडायल्यात, पलीकडं वहिनी कपडे वाळत घालायल्यात. वहिनींचं बाजारात घरगुती वस्तूंचं दुकान आहे.)

काकू : ऐकलं का वहिनी? आमच्या पुण्याच्या पोरानं २०,००० चा फ्रीज घेतला. क्रेडिट कार्ड लावलं, खिशातनं दमडी न्हाई गेली. वरनं पॉइंट मिळाले मनं!

वहिनी : त्याची गेली नसंल, दुकानदाराची गेली की.

काकू : ती कशी?

वहिनी : कार्ड मशीनला लावलं की पैसे कापूनच आमच्या खात्यावर येतात. समजा शेकडा दोन. २०,००० वर ४०० गेले, त्या ४०० वर १८ टक्के जीएसटी, मंजी आणखी ७२. हातात १९,५२८. जीएसटी पुढं वळता करता येतो, ४०० गेले ते गेलेच.

काकू : मग ही आडतच की! खातं कोण?

वहिनी : मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेचा. थोडा मशीन देणाऱ्या बँकेचा. अन् दोघींच्या मधी निरोप पोचवणाऱ्या व्हिसा, मास्टरकार्ड न्हाईतर रूपेला चिमूटभर.

काकू : अन् पॉइंट?

वहिनी : त्याच ४०० मधले थोडे बँकेनं तुमच्या पोराला दिले अन् नाव स्वतःचं केलं. दुकानदार बी काय धर्मशाळा चालवत न्हाई. तो खर्च किमतीतच धरतो.

काकू : थांबा, थांबा. किंमत सगळ्यास्नी एकच. मी तर रोख मोजते. मंजी पोराच्या पॉइंटात माझे बी पैसे?

वहिनी : तुमचे, भाजीवालीचे, ऊसतोडीला जाणाऱ्याचे बी.

काकू : अन् ते फोननं स्कॅन करतात त्याला बी कापतात का?

वहिनी : बँकेच्या खात्यातनं यूपीआय केलं तर न्हाई. जानेवारी २०२० पासनं यूपीआयवर अन् रूपे डेबिट कार्डावर दुकानदाराकडनं काही घ्यायचं न्हाई, असा नियम झाला. बाकीच्या डेबिट कार्डांना रिझर्व्ह बँकेनं २०१८ मधीच मर्यादा बांधली : जास्तीत जास्त ०.९० टक्के, अन् वर्षाची विक्री २० लाखांच्या आत असली तर ०.४०. क्रेडिट कार्डाला तसली वेसण न्हाई.

काकू : अन् बँका यूपीआय फुकटात चालवायल्यात?

वहिनी : सरकार त्यांना प्रोत्साहन देतंय. मंजी फिरून आपल्याच करातनं!

काकू : (आवाज खाली घेत) कोपऱ्यावरच्या पोराचं कळलं का? कार्डावर भारीतला मोबाइल घेतला. आता वसुलीचे फोन यायलेत, शेजाऱ्यापाजाऱ्यांना बी विचारायलेत.

वहिनी : किमान रक्कम भरत बसला असंल, अन् शेवटी ती बी चुकली असंल. बिलावर छापलेलंच असतंय, एवढे भरले तरी चालतंय मनून. राहिलेल्यावर म्हैन्याला शेकडा साडेतीनच्या आसपास व्याज. वर्षाचे चाळीस-बेचाळीस टक्के होतात. अन् बाकी ठेवली की नव्या खरेदीवर बी पहिल्या दिवसापासनं व्याज.

काकू : अगं बाई! सावकार बरा मनायचा.

वहिनी : परवान्याचा असंल तर बराच. आपल्या राज्याच्या २०१४ च्या सावकारी कायद्याखाली शेतकऱ्याच्या विनातारण कर्जावर वर्षाला १२ टक्क्यांच्या वर घेता येत न्हाई. कार्डाच्या व्याजाला राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ मधी ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती. डिसेंबर २०२४ मधी सुप्रीम कोर्टानं ती बी उठवली. आमचे हे पेपर मोठ्यानं वाचतात, त्यामुळं कानावर पडतंय.

काकू : मग पोराला सांगू का, कार्ड कापून टाक मनून?

वहिनी : कशाला? तारखेच्या आत पुरतं बिल भरत असंल तर त्याची चंगळ आहे. म्हैना-दीड म्हैना बिनव्याजी पैसे, वर पॉइंट. त्याच्या चंगळीचा खर्च दोघं उचलतात : एक ते कोपऱ्यावरचं पोरगं, अन् दुसऱ्या रोख मोजणाऱ्या तुम्ही.

काकू : बरं झालं सांगितलं. उद्या तुमच्या दुकानातनं कुलर न्यायला येते. रोख देणार. शेकडा दोन आधी उतरवून ठेवा.

वहिनी : ते... आमच्या ह्यांना विचारावं लागंल.

काकू : विचारा की. गल्ल्यावर तर तुम्हीच बसता!