मशीन विकून दिसेनाशा झालेल्या एजंटसाहेबांना

सन्माननीय एजंटसाहेब,


तुमचा फोन लागत नाही, म्हणून जाहीर लिहितो आहे. कोटेशन द्यायच्या दिवसांत तुम्ही पहिल्या रिंगला फोन उचलत होता. तीस टक्के आगाऊ पोचल्यावरही उचलत होता. बिल ऑफ लेडिंगची प्रत दाखवून उरलेले सत्तर टक्के परदेशी खात्यात वळते होईपर्यंत तुमच्या बोलण्यात मोठी आपुलकी होती. मशीन न्हावा शेवाला उतरल्यापासून मात्र तुम्ही मीटिंगमध्ये आहात, असं तुमच्या ऑफिसच्या फोनवरची मुलगी सांगते. त्या पोरीला तुम्ही रोज खोटं बोलायला लावता, याचाही मला राग आहे.

गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत माझ्या शेजारच्या शेडमध्ये तुम्ही विकलेलं चिनी सीएनसी लेथ ताडपत्रीखाली पडून आहे. ते घेणारा मुलगा आयटीआय करून उद्यमनगरात दुसऱ्यांच्या मशीनवर तयार झाला. स्वतःची शेड टाकून मशीन घ्यायला त्याने घरची जमीन तारण ठेवली. पंपाचे शाफ्ट आणि बुश करायचं जॉबवर्क त्याने मशीन यायच्या आधीच मिळवून ठेवलं होतं. मशीन बंद राहिलं की पार्टी वाट बघत नाही. चार दिवस फोन करते आणि ड्रॉइंग दुसऱ्या शेडमध्ये पाठवते. बँकेचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला खात्यातून जातोच.

तुम्ही त्याला सांगितलेला आकडा तिकडच्या बंदरावरचा होता. त्यापुढचा हिशेब तुम्हाला तोंडपाठ आहे, पण तुम्ही त्याला तो सांगितला नाहीत, म्हणून मी इथे मांडतो. भाडं आणि विमा धरून मशीन इथल्या बंदरात दहा लाखांना पोचलं असं समजू. लेथवर ७.५ टक्के मूळ सीमाशुल्क, म्हणजे ७५,०००. त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, ७,५००. या सगळ्या बेरजेवर १८ टक्के आयजीएसटी, १,९४,८५०. बंदराच्या फाटकाबाहेर पडायच्या आधीच दहा लाखांचे १२,७७,३५० झाले. आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, हे खरं. पण ते पुढच्या बिलांतून हळूहळू वळतं होतं आणि रोख आजच भरावी लागते. शिवाय कस्टम क्लिअरिंगवाल्याची फी, शिपिंग लाइनचे चार्जेस, एखादा कागद अडला तर कंटेनरचं डिटेन्शन, कोल्हापूरपर्यंतचा ट्रेलर, शेडच्या दारात उतरवायला हायड्रा क्रेन, फाउंडेशन. या सगळ्याला तुम्ही ‘किरकोळ’ म्हणाला होता. त्या किरकोळीत त्या मुलाचं खेळतं भांडवल संपलं, आणि पहिला जॉब लावायला बार आणायचे पैसे त्याच्याकडे उरले नाहीत.

दुसरी गोष्ट याहून वाईट आहे. ड्युटी जड वाटत असेल तर सरकारच्या ईपीसीजी योजनेत बसवू, शून्य ड्युटी लागेल, असं तुम्ही अर्ध्या एमआयडीसीला सांगत फिरता. योजना चांगली आहे. निर्यातदारासाठीच केलेली आहे. पण वाचलेल्या शुल्काच्या सहापट निर्यात सहा वर्षांत करून दाखवावी लागते आणि नाही जमलं तर ते शुल्क व्याजासकट भरावं लागतं, हे वाक्य तुम्ही गिळता. शिरोलीच्या कारखान्याला बुश पुरवणारा पोरगा कुठली निर्यात दाखवणार? सहा वर्षांनी नोटीस त्याच्या नावाने येईल. तुमचं कमिशन पहिल्या महिन्यात मिळालेलं असेल. हे तुम्ही समजून-उमजून करता, म्हणून मी याला चूक म्हणत नाही, फसवणूक म्हणतो.

आता मशीनकडे येऊ. तिकडे थ्री फेज ३८० व्होल्टची असते, आपल्याकडे ४१५ व्होल्टची. आपल्या एमआयडीसीत रात्री लोड उतरला की व्होल्टेज त्याच्याही वर चढतं. मध्ये ट्रान्सफॉर्मर आणि स्टॅबिलायझर हवा, हे वायरमनच्या हाताखालच्या पोरालाही कळतं. तुमच्या कोटेशनमध्ये त्याची ओळ नाही. स्पिंडलचा ड्राइव्ह गेला तेव्हा तुमच्याकडून उत्तर आलं की सप्लाय खराब होता, वॉरंटीत बसत नाही. नवा ड्राइव्ह तिकडून मागवायचा, त्यावर पुन्हा भाडं आणि शुल्क. तोवर मशीन बंद. ते बंद असताना कंट्रोलरच्या मेमरीची बॅटरी उतरली आणि पॅरामीटर उडाले. बॅकअप कुणी दिलाच नव्हता. इलेक्ट्रिकल ड्रॉइंग मिळालं ते चिनी भाषेत, आणि मेकरच्या स्क्रीनचा पासवर्ड फक्त तुमच्याकडे. ज्याची जमीन त्या मशीनपायी गहाण पडली आहे, त्यालाच मशीनच्या आत शिरता येत नाही.

मशीन घेताना डायल लावून बघायचं असतं. स्पिंडलमध्ये टेस्ट मँड्रेल घालायचं, रनआउट मोजायचा, बेडवर लेव्हल ठेवायची, टेस्ट चार्टमधला एकेक आकडा स्वतः ताडून बघायचा. श्लेझिंगर नावाच्या अभियंत्याने १९२७ मध्ये मशीनच्या अचूकतेच्या चाचण्यांचं पुस्तक काढलं. तेव्हापासून जगभरचे कारखाने मशीन ताब्यात घ्यायच्या आधी अशा कसोट्या लावतात. बाजारात बैल घेणारासुद्धा आधी त्याला चालवून बघतो. तुम्ही त्या मुलाला मोबाइलवर व्हिडिओ दाखवलात आणि टेस्ट चार्टची झेरॉक्स पाठवलीत. त्या चार्टवर मशीनचा नंबरसुद्धा नाही.

बाहेरून मशीन आणूच नये, असं म्हणणाऱ्यातला मी नाही. बेळगावात १८८८ साली किर्लोस्करांनी धंदा मांडला तो सायकलींचा. ते सायकली विकत आणि दुरुस्तही करून देत. पुढे लोखंडी नांगर निघाले, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली, आणि १९४१ मध्ये हरिहरला त्यांच्याच घरातून लेथ बनवायचा कारखाना निघाला. बंगळुरूला १९५३ मध्ये एचएमटी सुरू झाली ती स्वित्झर्लंडच्या ओरलिकोनचं तंत्र घेऊन. त्या एचएमटीची जुनी लेथं आजही उद्यमनगरात चिप काढताहेत, आणि विकायला निघाली तर गिऱ्हाईक मिळतं. बाहेरची वस्तू आणली, उघडली, दुरुस्त केली, शिकलो आणि मग बनवली, असं या भागाचं कारखानदारीचं शिक्षण झालं. आजही बारीक ग्राइंडिंगचं किंवा पाच अक्षांचं काम असेल आणि इथे तसं मशीन मिळत नसेल, तर माणसाने खुशाल जपानचं, जर्मनीचं, तैवानचं घ्यावं. चीनमध्येही चांगली मशीन होतात. फक्त ती घेणाऱ्याच्या पदरी एक ब्रेकडाउन सोसण्याइतका पैसा हवा, आणि विकणाऱ्याचा माणूस इथे हवा.

त्या मुलाचं काम साधं होतं. दोन अक्षांचं लेथ, आठ इंची चक, एवढ्यात भागत होतं. असं मशीन बंगळुरूला होतं, राजकोटला होतं, कोइमतूरला होतं. त्याने त्या मशीनचं नाव काढल्यावर तुम्ही त्याच्यासमोर ‘गावठी माल’ म्हणून हसला होतात. मी तिथेच होतो. त्या गावठी मालावर बहुधा फानुक किंवा सीमेन्सचाच कंट्रोलर असतो, हे तुम्हाला माहीत होतं, आणि आत बसणारे कित्येक भाग परदेशीच असतात हेही. तेव्हा हा स्वदेशीच्या अभिमानाचा प्रश्नच नाही. अलार्म आला की कोण येतो, एवढंच लहान शेडवाल्याला बघावं लागतं. बंगळुरूहून रात्रीच्या बसने निघालेला सर्व्हिस इंजिनीअर सकाळी कोल्हापुरात उतरतो, संध्याकाळपर्यंत मशीन चालू करतो, नाही जमलं तर दुसऱ्या दिवशी कार्ड मागवतो.

आपल्याकडचे मेकर सगळे सज्जन आहेत, असं मी म्हणणार नाही. कास्टिंग पुरतं सीझन न करता मशीन बांधणारे आहेत. मग सहा महिन्यांनी बेड पिळतो आणि टेपर येऊ लागतो. खड्ड्यांत लांबी भरून वर झकास रंग मारणारे आहेत. तारखेवर तारीख देणारे तर गल्लोगल्ली आहेत. पण त्यांच्या कारखान्यात जाता येतं. बेडवर हात फिरवता येतो, डायल लावता येतो, आकडा बसला नाही तर डिलिव्हरी नाकारता येते, आणि मालकाला समोर बसवून भांडता येतं. तुमच्याशी भांडायला मी कुठे येऊ? बोर्डावरचा पत्ता एका गाळ्याचा आहे आणि त्या गाळ्यात आता कुरिअरचं ऑफिस आहे.

त्या मुलाने मला हे पत्र लिहू नका म्हणून सांगितलं होतं. तुम्ही चिडलात तर उरलीसुरली मदतही मिळणार नाही, अशी त्याला भीती आहे. एका मेहनती टर्नरला स्वतःच्या पैशाने घेतलेल्या मशीनसाठी तुमची भीती वाटावी, हे मला सहन होत नाही. म्हणून त्याचं नाव न घालता लिहितो आहे.

पॅरामीटरचा बॅकअप, मेकर स्क्रीनचा पासवर्ड आणि वाचता येईल असं इलेक्ट्रिकल ड्रॉइंग, एवढं या आठवड्यात त्याला पाठवा. तिन्ही गोष्टींचे पैसे मशीनच्या किमतीत तुम्ही घेतलेले आहेत. ड्राइव्हची दुरुस्ती इथे कोल्हापुरात आम्ही करून घेऊ. माणूस ठरलेला आहे, त्याने कार्ड उघडून बघितलंय आणि होईल म्हणालाय. आणि पुढच्या महिन्यात तुम्ही शिरोलीत आणखी दोघांना कोटेशन द्यायला येणार आहात, असं कळलं. दिवस कळवा. तुमच्या आकड्याखाली ड्युटीपासून हायड्रापर्यंतच्या सगळ्या ओळी लिहिलेला कागद घेऊन मी तिथे बसलेला असेन.

आपला,
गोकुळ शिरगावचा एक शेडवाला