तासाला 20 मिनिटं

परीक्षेतली समानता आपल्याकडे केंद्रसंचालकाइतकी कोणालाच कळलेली नाही. सगळ्यांना एकच पेपर, एकच बाक, एकच घंटा. डोळे, कान, हात ज्याने त्याने घरून आणायचे.

पण 2016 साली नवा दिव्यांग हक्क कायदा आला, दिव्यांगत्वाचे प्रकार 7 वरून 21 झाले आणि पोरं नियमावर बोट ठेवू लागली. 2018 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी तर कहर केला. तासाला किमान 20 मिनिटं जादा, वर लिहायला लेखनिक! एवढी खिरापत वाटायची तर खात्री नको करायला? म्हणून दाखला आणा, बोनाफाईड आणा, लेखनिकाचा फोटो आणा, मुख्याध्यापकांची सही आणा. जन्मांध मुलाला मार्चपर्यंत दिसू लागलं तर जबाबदार कोण?

दहावीला लेखनिक खालच्या इयत्तेतला, हे तर फारच उत्तम. नववीतलं पोर दहावीचं प्रमेय ऐकून लिहितं. सांगितलं ‘समरूप’ की कागदावर ‘एकरूप’. मुलगा म्हणतो, “परत वाचून दाखव.” लगेच पर्यवेक्षक दारात: “आवाज कसला?” पाठोपाठ भरारी पथक येतं आणि लेखनिकाचं ओळखपत्र उलटंसुलटं करून न्याहाळतं. तोवर मागच्या खिडकीतून गाईडची पानं आत पोचलेली असतात. त्यांना ना फोटो लागतो, ना बोनाफाईड.

2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोनदा कान उपटले. फेब्रुवारीत सांगितलं, दिव्यांगत्व 40 टक्के भरत नाही एवढ्यावरून लेखनिक नाकारता येणार नाही. नोव्हेंबरातलं प्रकरण ‘नीट’चं. एका विद्यार्थिनीला हक्काचा जादा तास न देताच केंद्रावर पेपर काढून घेतला होता. अन्याय झाला, हे न्यायालयाने मान्य केलं. फेरपरीक्षा मात्र दिली नाही. केंद्रावर गेलेला तास दिल्लीतही परत मिळत नाही, हे त्यानिमित्ताने सिद्ध झालं.

आमची एक नम्र सूचना आहे. पुढच्या वर्षी सवलतीच्या अर्जावर सही करणाऱ्यांनाही पेपरासारखीच वेळ लावावी. अकराला अर्ज टेबलावर, दोनला घंटा. साहेबांना तेवढ्यात जमत नसेल, तर सिव्हिल सर्जनचा दाखला जोडावा. तासाला 20 मिनिटं जादा देऊ. लेखनिकही देऊ. मात्र नियमाप्रमाणे एक पायरी खालचा.