केवढ्याला घेतली?

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आत्म्याची बरोबरी जुने कपडे टाकून नवे घालणाऱ्या माणसाशी केली आहे. आमच्या सासूबाईंना अख्ख्या गीतेतला हा एकच दाखला तोंडपाठ आहे आणि तो त्या फक्त माझ्या कपाटासमोर उभ्या राहून देतात. आत्म्याला जे कळतं ते सुनेला कळत नाही, असा त्याचा मथितार्थ. कारण माझ्या अंगावर कधी आत्याची खटाव वॉईल असते, कधी आजीच्या नऊवारीची केलेली सहावारी, आणि रविवारी सकाळी वडिलांचा टेरिलीनचा बुशशर्ट. यातला एकही कपडा माझ्यासाठी घेतलेला नाही आणि यातला एकही मी सोडणार नाही. सासूबाईंना मी एवढंच म्हणते, "आई, आत्म्याला लग्नाकार्याला जायचं नसतं. गेलाच, तरी त्याला कुणी विचारत नाही, केवढ्याला घेतली?"

हा प्रश्न हेच माझं पहिलं कारण. आपल्याकडे नवी साडी नेसून मांडवात पाऊल टाकलं की अक्षता पडायच्या आधी तो येतो. त्याला बरोबर उत्तर नाही. खरी किंमत सांगितली तर "लुटलं गं तुला, दादरला हीच निम्म्याला मिळते." दादरलाच घेतली म्हटलं तर "त्याच्या पलीकडच्या दुकानात जायचं ना." किंमत कमी करून सांगितली तर समोरची बाई पदराचं टोक दोन बोटांत चोळते आणि "हं, वाटतंच" म्हणून बुफेकडे वळते. आत्याच्या साडीला हा धोका नाही. ती घेतली तेव्हा किंमत दोन आकडी होती, दुकानदार आता हयात नाही आणि अशी साडी पलीकडच्या दुकानातच काय, कुठेच मिळत नाही. विचारणारीचा चेहरा अशा वेळी बघण्यासारखा होतो. मला लुटलं असं तिला म्हणता येत नाही, आणि स्वस्तात मिळाली म्हणावं तर तिचाच जीव जळतो.

दुसरं कारण भीतीचं आहे. नवी साडी नेसायची म्हणजे आधी तिला हळदीकुंकवाचं बोट लावा, मग घडी कुणी मोडायची ते ठरवा. हा मान कधी नणंदेचा असतो, कधी जावेचा, आणि तो देऊन झाल्यावर साडी आपल्याकडे येते तीच मुळी अत्तराचा वास आणि निऱ्यांना सेफ्टीपिनचं एक भोक घेऊन. पुढे जेवणाच्या पंगतीत मठ्ठ्याची वाटी जिवाला घोर लावते. माझ्या साड्यांच्या घड्या ज्यांनी मोडायच्या त्यांनी केव्हाच मोडल्या. मठ्ठाही सांडून झालेला आहे. एका साडीच्या पदरावर जिलबीच्या पाकाचा डाग आहे, तो माझ्या थोरल्या चुलतभावाच्या मुंजीतला. हा चुलतभाऊ आता निवृत्त होऊन नातवाच्या मुंजीचं बघतो आहे. अशी साडी नेसून मी वाढपी शेजारून गेला तरी अंग चोरत नाही. उलट त्यालाच भरभरून वाढायला सांगते.

पण ही दोन्ही कारणं झाली चारचौघांत सांगण्यासारखी. खरं कारण वेगळं आहे. नव्या कपड्यात मी मीच राहते, आणि त्यात मला फारसं नावीन्य वाटत नाही. जुन्या कपड्याला त्याच्या मालकाचा स्वभाव चिकटलेला असतो आणि तो धुतल्याने जात नाही.

थोरली आत्या कोकणात मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होती. तिच्या वॉईलला कडक खळ असे. ती वऱ्हांड्यातून निघाली की साडीच्या नुसत्या करकरण्याने सातवीचा वर्ग गप्प व्हायचा म्हणतात. ती साडी नेसून मी बँकेत गेले, तेव्हा खिडकीवर 'जेवणाची सुट्टी' अशी पाटी होती आणि आतला मुलगा मोबाइलवर क्रिकेट बघत होता. मी काहीही बोलले नाही. फक्त पदर खांद्यावर नीट केला. त्याने पाटी उचलली, पासबुक भरून दिलं आणि वर "अजून काही, मॅडम?" असं विचारलं. त्याच खिडकीवर सलवार-कमीज घालून गेले होते, तेव्हा मला झेरॉक्स आणायला तीन मजले खाली पाठवलं होतं.

आजीची इरकल ही वेगळीच चीज. इरकलीत अंगाचा ताणा निराळा आणि पदराचा निराळा असतो. दोन्ही एकमेकांत फासे गुंतवून मागावरच जोडतात, म्हणून तो लाल-पांढरा पदर कुणीतरी ठिगळ लावल्यासारखा न दिसता साडीतून उगवल्यासारखा दिसतो. आजी गेल्यावर घरात बैठक बसली आणि नऊवारीची सहावारी करायचं ठरलं. उरलेल्या तीन वारांचं पुढे काय झालं यावरून दोन काकूंमध्ये अजून बोलणं होत नाही. आजीला सोयीपुरतं ऐकू यायचं. "चहा टाकतेस का?" हे ऐकू येत नसे, पण तीन खोल्यांपलीकडे कुणी लाडवाचा डबा उघडला तर यायचं. ती इरकल नेसले की माझेही कान तसेच होतात. नवरा बाहेरच्या खोलीतून हाका मारत राहतो आणि मी अत्यंत प्रसन्न चेहऱ्याने खिडकीबाहेर बघत बसते. त्याने ही साडी ओळखून ठेवली आहे. ती अंगावर दिसली की तो मुकाट्याने स्वतः आधण ठेवतो.

वडिलांच्या बुशशर्टाबद्दल मात्र शास्त्रोक्तच बोललं पाहिजे. टेरिलीन 1941 साली इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोन संशोधकांनी शोधून काढलं. दोघांनाही डोंबिवलीचा मे महिना ठाऊक नव्हता. सुती धागा दमट हवेत स्वतःच्या वजनाच्या सात-आठ टक्के ओलावा सहज पोटात घेतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही घेत नाही. म्हणजे मग घामाने जायचं कुठे, हा प्रश्न त्या दोन गोऱ्या गृहस्थांनी माझ्या वडिलांवर सोपवला. वडिलांनी तो डोंबिवली ते व्हीटी असा उभ्याने, वर्षानुवर्षं सोडवला. पण तक्रार नाही. कारण हा शर्ट रात्री न्हाणीत पिळून टाकला की सकाळी वाळलेला, वर इस्त्रीचा खर्च शून्य. काटकसरीपुढे घामाची काय मातब्बरी? तोच शर्ट मी रविवारी घालते, आणि घातल्यावर अर्ध्या तासात रद्दीचे गठ्ठे महिन्यावार लावते, गॅसच्या सिलिंडरवर तो लावल्याची तारीख खडूने लिहिते, आणि रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला की "सरकार काय आपलं आहे का?" असं मोठ्याने विचारते. शर्टाचं एक बटणही गेलेलं नाही. मी जाईन, शर्ट राहील. गीतेतला अमरत्वाचा भाग पॉलिएस्टरला तंतोतंत लागू पडतो.

माझ्या भाचीला हे सगळं फार थोर वाटतं. ती म्हणते, "मावशी, तू किती सस्टेनेबल आहेस!" तिने मला सांगितलं की एक सुती टी-शर्ट तयार व्हायला कापसाच्या शेतापासून धरून सुमारे 2700 लिटर पाणी लागतं. आमच्या सोसायटीत येतो त्या टँकरचा हा पाव हिस्सा झाला. ऐकून मी गंभीर झाले, दोन दिवस आत्याची वॉईल छाती पुढे काढून मिरवली. पण मनातून मला ठाऊक आहे की पृथ्वी वाचवायला मी काही केलेलं नाही. आमच्या लहानपणी दिवाळीला एकाच ताग्यातून भावांचे शर्ट, माझा फ्रॉक आणि उरलेल्यातून उशांचे अभ्रे शिवत. पाहुण्यांना पलंगावर नक्की कोण झोपलं आहे हे लांबून कळत नसे. थोरल्याचा शर्ट धाकट्याला आणि धाकट्याचा पोछ्याला, हा क्रम ठरलेला. तेव्हा पर्यावरण आमच्या घरी आलेलं नव्हतं, फक्त महिनाअखेर यायची.

आणि ते कापडही तसं टिकाऊ होतं. आत्याच्या साडीच्या किनारीवर अजून गिरणीची छाप वाचता येते. गिरणी भायखळ्याची. मुंबईत पहिली कापड गिरणी 1854 मध्ये उभी राहिली आणि 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली जो संप सुरू झाला, त्यात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले. संपाचा शेवट असा कधी जाहीर झालाच नाही. भोंगे मात्र एकेक करून बंद पडले. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागेत आता मॉल आहे. जिथे ठाणात एक धागा चुकला तर विणकराला जाब द्यावा लागे, तिथे गुडघ्यावर फाटलेली जीन्स काचेमागे दिवे लावून ठेवली आहे. भाचीने त्यातली एक घेतली. मी तिला विचारलं, "केवढ्याला घेतलीस?" तिने किंमत सांगितली. फाटलेल्या भागाचे पैसे वजा केले होते का, असं विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं, पण त्या दिवशी मी आत्याच्या साडीत होते, आणि आत्या उत्तर नसलेला प्रश्न विचारून मुलांना लाजवत नसे.

अडचणी नाहीत असं नाही. साडी कुणाचीही कुणालाही होते, हा तिचा मोठेपणा. ब्लाऊज मात्र माणूस ओळखतो. आत्याचे दंड माझ्या मनगटाएवढे असावेत. पण जुन्या शिंप्यांनी शिवणीत दोन बोटं माया सोडलेली असते, म्हणून आमच्या टेलरकाकांनी सगळ्या शिवणी उसवून शेवटच्या धाग्यापर्यंत माया बाहेर काढली. ब्लाऊज बसला. फक्त श्वास हप्त्याहप्त्याने घ्यावा लागतो. दुसरी अडचण वासाची. ट्रंकेतल्या डांबराच्या गोळ्या कसर दूर ठेवतात, तशा माणसांनाही ठेवतात. पण लोकलच्या लेडीज डब्यात तिघींच्या बाकावर चौथी म्हणून टेकले की बाकीच्या तिघी आपोआप खिडकीकडे सरकतात. त्यामुळे या अडचणीवर मी उपाय शोधलेला नाही.

खरा शत्रू म्हणजे बोहारीण. दुपारी तीनला ती हाक देते आणि सासूबाईंच्या चेहऱ्यावर तेज येतं. बोहारीण साडी उजेडाकडे धरते, आरपार बघते आणि मान हलवते. "विरलीया ताई ही. डबा न्हाय येत यात, वाटी घ्या." तिच्याइतकी कापडाची पारख करणारी बाई मी पाहिली नाही. ती सासूबाईंच्या नव्या सिंथेटिकला हातही लावत नाही, सरळ माझ्या इरकलीकडे बोट दाखवते. दुसरा शत्रू जरीवाला. जुन्या जरीत रेशमावर चांदीची तार आणि तिच्यावर सोन्याचं पाणी असतं. तो धागा जाळून बघतो, मग अख्खा शालू जाळून चांदी तोलतो. साडीची किंमत ती जाळल्यावर कळते, असं मानणाऱ्या माणसाला दारात उभं करू नये, असं माझं मत आहे.

तेव्हा वाचकहो, विशेषतः वाचकभगिनींनो, आवराआवरी काढाल तेव्हा थोडं थांबा. ट्रंकेच्या तळाशी एखादी वॉईल असेल, मामांचा बंद गळ्याचा कोट असेल, काकूंचं खणाचं पोलकं असेल, तर एकदा अंगावर घालून आरशासमोर उभ्या राहा. स्वभाव पटला तर ठेवा. नाहीच पटला, तर बोहारणीला हाक मारण्याआधी मला कळवा. स्टीलचा डबा मीही देईन, झाकणासकट.