टोक चुकलेलं कापड

महिलांच्या ट्रेक पँटचं माप ठरवणाऱ्या अज्ञात साहेबांस,

स. न. वि. वि.

आपली पँट पावली. माझी कंबर ३२, सीट ४१. अशी बाई आपल्या तक्त्यात नाही, हे दुकानातच कळलं. सीटच्या मापाने घ्यावी, तर कंबरेमागे मूठ जाईल एवढी फट. वाकलं की मागून येणाऱ्याला सह्याद्रीखेरीज आणखीही दर्शन घडतं. कंबरेच्या मापाने घ्यावी, तर ती मांडीपाशीच ठिय्या देते. फिकट जांभळा रंग मात्र दोन्ही मापांत होता, त्याबद्दल आभार. शेवटी सीटच्या मापाची घेतली.

खिशांविषयी काय लिहू? पुढे नुसत्या टिपा मारून खिशाचा भास केलाय. मागच्यात एसटीचं तिकीट मावतं, घडी घातली तर.

पँटची खरी परीक्षा झाली हरिहर गडावर. निरगुडपाड्याहून निघाले तेव्हा सगळं ठीक होतं. मग कातळात कोरलेल्या त्या उभ्या पायऱ्या आल्या. बाजूच्या खोबण्यांत बोटं रुतवून गुडघा छातीकडे ओढायचा असतो. आपण शिवलेला गुडघा माझ्या नडगीवर होता. कापड वर सरकेना, आणि आसनात जिथे चार शिवणी एका टिंबावर मिळतात तिथून ‘टर्र’! मागे कॉलेजच्या पोरांची रांग. उरलेला गड मी जाकीट कंबरेला बांधून पाहिला.

आमच्या गल्लीत ब्लाउज शिवणाऱ्या मावशी आहेत. त्यांनी पँट उलटी केली, आत डोकावल्या आणि म्हणाल्या, “अगं, हिला मियानीच नाही! सलवारीला घालतो ती. पाय फाकायचा कसा बाईने?” आसनात एक चौकोनी तुकडा बसवला की ताण एका टिंबावर न येता त्याच्या चारी कडांवर वाटला जातो. एवढंच ते शास्त्र. तसलं कापड कुठून आणायचं, हा प्रश्न होता. पण पँटचे पाय चांगले चार इंच लांब होते. मावशींनी ते कापले, त्यातून मियानी काढली आणि वर बसवली. म्हणजे कापड आपण दिलंच होतं, साहेब. फक्त टोक चुकलं.

मग मागची मधली शिवण नेफ्यासकट उसवून पाचरीसारखं कापड आत घेतलं. उसवण्यातच दुपार गेली, कारण तिथली आपली टीप भलती पक्की. नायलॉनवर सुईची जुनी भोकं बुजत नाहीत. ती रेघ आता कायमची माझ्या पाठीशी आहे. इस्त्रीही मावशींनी वर सुती फडकं टाकून, जेमतेम कोमट फिरवली.

हे चाललं असताना त्यांच्या आजीचा विषय निघाला. नऊवारीचा काष्टा मारून ती भात लावायची, डोंगरावरून मोळी आणायची. एकही शिवण नाही, मग उसवणार काय? शिवाय ओच्यात शेरभर करवंदं. आपल्याकडे एवढी संशोधनाची माणसं आहेत, त्यातल्या एकाला मावशींकडे पाठवा. चहा मिळेल.

कळावे, लोभ असावा.

आपली,
कंबर ३२, सीट ४१

ता. क. पुढची पँट पुरुषांच्या रांगेतून घेतली. मियानी आहे, खिसे सहा. कंबर तीन इंच आत घ्यावी लागली. दोन्ही पँटचे मिळून मावशींचे चारशे रुपये झाले. ते आपल्या नावावर मांडून ठेवलेत.