तीन पिशव्या ज्वारीच्या

बोदवडात माणसानं पन्नाशीनंतर काही नवं शिकायला घेतलं की लोक आधी तब्येतीची चौकशी करतात. पेटी शिकलेली चालते, भजनी मंडळाला तिचा उपयोग होतो. योगासनं चालतात, ती कधीच न केलेल्यांनाही त्यातलं सगळं माहीत असतं. पोहायला शिकतो म्हणालात तर 'पाणी कुठून आणशील?' असं विचारतात, आणि प्रश्न रास्त असतो. आमच्याकडे नळाला पाणी यायचा दिवस असेल तर माणसं सख्ख्या साडूच्या घरची वास्तुशांत चुकवतात. तर अशा गावात, जिनिंगमध्ये हिशेब लिहिणाऱ्या एका गृहस्थानं तीन चेंडू हवेत फिरवायचं मनावर घेतलं. तो गृहस्थ मी.

कारण झाला भाचा. पुण्याला इंजिनिअरिंग शिकतो. सुट्टीत आला आणि ओट्यावर उभा राहून गप्पा मारता मारता तीन लिंबं फिरवायला लागला. तोंडानं क्रिकेटवर बोलत होता आणि लिंबं आपली आपण फिरत होती. "मामा, अर्ध्या तासात येतं," म्हणाला. इंजिनिअर लोक पुलाचं काम कधी संपेल हेही असंच सांगतात.

चेंडूंचा प्रश्न पहिल्याच दिवशी उभा राहिला. टेनिसचा चेंडू हातातून सुटला की टप्पा खातो, ओटा उतरतो आणि गटार गाठतो. लिंबू पडलं की फुटतं, आणि उन्हाळ्यात लिंबाचा भाव काय असतो हे घरातून सुनावलं जातं. भाच्यानं मोबाईलवर परदेशी पिशव्या दाखवल्या. मऊ, गोल, मुठीत बसणाऱ्या. आत काय भरतात म्हणून विचारलं तर बरेचदा बाजरीच्या जातीचं धान्य! म्हणजे आपलं धान्य त्यांनी शिवलं आणि डॉलरात विकलं. मग आमच्याकडे काय कमी होतं? कपाटात ब्लाउजपिसांचा गठ्ठा होता. ओटी भरताना मिळालेले हे तुकडे शिवले कधीच जात नाहीत, पुढच्या ओटीत जातात. त्यातले तीन सौभाग्यवतींनी मोठ्या मनानं काढून दिले. त्यांतल्या एकाला तर जरीचा काठ होता. मी सरकी भरू म्हणालो, आमच्या जिनिंगमध्ये तिला काय तोटा! पण सरकी हलकी, वर तिचा तंतू कापडाला धरून बसतो. शेवटी कोठीतली ज्वारी घेतली, स्वयंपाकघरातल्या काट्यावर प्रत्येकी सव्वाशे ग्रॅम तोलली आणि तोंडं शिवली. पिशवी गच्च भरायची नाही. जराशी ढिली राहिली तर तळहातावर बसते आणि पडली तरी पडल्या जागी राहते. चौथी पिशवी मागितली तेव्हा "भाकरी कशाची खाणार?" असं उत्तर आलं.

पहिला धडा एका चेंडूचा, आणि तो फार अपमानास्पद असतो. कोपरं कमरेशी, तळवे वर, आणि उजव्या हातातली पिशवी डोळ्यांच्या उंचीपर्यंत कमानीत उडवून डाव्या हातात पडू द्यायची. मग डाव्यातून उजव्यात. बास, एवढंच. मी हे गच्चीवर करत होतो. बोदवडातली गच्ची ही एकांताची जागा नाही. एका गच्चीवरून बारा गच्च्या दिसतात आणि त्या बाराही आपल्याकडे बघत असतात.

"काय करी राह्यला रे भो?" पलीकडून विचारणा झाली.

"चेंडू उडवतोय."

"एकच?"

या 'एकच'मध्ये किती तुच्छता मावते, ते कळायला हातात एकच चेंडू धरून उभं राहावं लागतं.

दुसऱ्या चेंडूशी खरी लढाई सुरू होते. पहिला कमानीच्या माथ्यावर पोचला की दुसऱ्या हातानं आपला चेंडू त्याच्या खालून, आतल्या बाजूनं वर सोडायचा. फेक, फेक, झेल, झेल. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात उजवा हात रीतसर फेकतो आणि डावा हात आपला चेंडू गुपचूप उजव्याच्या ओंजळीत सरकवतो. तीस वर्षं हिशेब लिहिल्यामुळे मला हा प्रकार लगेच ओळखता आला: विनापावती रोखीचा व्यवहार. शिकणारा प्रत्येक जण हेच करतो म्हणे. यातली गंमत अशी, की हा गोल गोल सरकवण्याचा प्रकार जगलिंगमध्ये खरोखरच आहे, आणि तो आपल्या शिकायच्या प्रकाराहून कितीतरी कठीण आहे, कारण उंच फेकण्याचं सगळं काम त्यात एकाच हातावर पडतं. प्रशांत महासागरातल्या टोंगा बेटांवरच्या मुली तो लहानपणापासून खेळतात. कॅप्टन कुकच्या जहाजावरून तिथे गेलेल्या गेओर्ग फोर्स्टरनं १७७० च्या दशकातच त्याचं वर्णन लिहून ठेवलंय. आपण सोपं म्हणून धरतो ती वाट सर्वांत अवघड निघते आणि अवघड वाटते ती सोपी. आता हे डाव्या हाताला कोण समजावणार?

तीन चेंडूंत चेंडूंचा मार्ग आडव्या आठच्या आकड्यासारखा होतो. ज्या हातात दोन चेंडू त्या हातानं सुरुवात करायची, आणि येणारा चेंडू माथ्यावर आला की हातातला सोडायचा. तो वेळेवर सुटला तर हात रिकामा होतो, आणि येणाऱ्याला रिकामाच हात लागतो. इथे नवशिका घाबरतो आणि घाईत चेंडू पुढे फेकतो. तो पकडायला एक पाऊल पुढे जातो. पुढचा चेंडू त्याहून पुढे. अशा रीतीनं मी गच्चीच्या एका कठड्याकडून निघून दुसऱ्या कठड्यापर्यंत जात असे. वाटेत वाळत घातलेले पापड होते. त्यांच्याविषयी घरात पुढे काय बोलणं झालं ते इथे नको.

उपाय जुनाच आहे आणि जगभर तोच सांगतात: भिंतीकडे तोंड करून उभं राहा, म्हणजे पुढे जायला जागाच उरत नाही. भिंतीच्या आणि आपल्या मध्ये खाट टाकली तर पडलेला चेंडू खाटेवर राहतो आणि कंबर वाचते. मी खाट घेतली. तरी खाटेच्या पलीकडे पडणाऱ्या पिशव्यांसाठी वाकणं होतंच. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम इतके दिवस टाळत होतो, तो असा वसूल झाला.

चेंडू उंच उडवला की वेळ मिळेल, असं आपल्याला वाटतं. मिळतो, पण कंजूषपणे. दीड फूट उडवलेला चेंडू हातात परत यायला साधारण ०.६ सेकंद घेतो. याच्या दुप्पट वेळ हवा असेल तर उंची दुप्पट करून भागत नाही, चौपट करावी लागते, म्हणजे सहा फूट. आमच्या खोलीत सहा फूट वर उडवला की तो पंख्याच्या पात्याला भेटतो. क्लॉड शॅनन नावाच्या अमेरिकन गणितज्ञानं याचं समीकरणच मांडलंय: चेंडू हवेत किती वेळ, हातात किती वेळ, हात रिकामा किती वेळ. संगणक आणि टेलिफोन ज्याच्या सिद्धांतावर चालतात तोच हा शॅनन. त्याचं समीकरण मी वहीत उतरवलं. वही पडली नाही, पिशव्या पडत राहिल्या.

गुरू मिळाला तो खालच्या आळीतल्या आजींच्या रूपात. त्या पापडांचं बघायला गच्चीवर आल्या होत्या. थोडा वेळ बघत राहिल्या, मग खाटेवर बसल्या आणि म्हणाल्या, "दे इकडं." दोन पिशव्या एकाच हातात घेऊन त्यांनी आळीपाळीनं उडवायला सुरुवात केली, आणि दुसऱ्या हातानं पदर सारखा केला. लहानपणी सागरगोटे खेळलेला हात! एक गोटा वर, तो खाली येईपर्यंत जमिनीवरचे बाकीचे उचलायचे आणि वरचा झेलायचा. असा रियाज झालेला हात साठ वर्षांनीही विसरत नाही. मी तोंड उघडं टाकून बघत होतो. जाताना त्यांनी निदान सांगितलं, "तुहे डोये हातावर हायती. वर पाह्य ना रे बावा."

एवढ्या एका वाक्यात सगळं शास्त्र आलं. नजर कमानीच्या माथ्यावर हवी, हाताकडे नाही. आणि झेल सुटला तर दोष झेलणाऱ्या हाताचा क्वचितच असतो, आधीच्या फेकीचा असतो. आमच्याकडे क्रिकेटमध्येही झेल सोडणाऱ्याचाच उद्धार होतो, म्हणून हे पचायला वेळ लागला. फेक नीट केली की चेंडू आपण होऊन हातात येऊन बसतो.

आणि एका संध्याकाळी बसला. तिन्ही. फेक, फेक, फेक, झेल, झेल, झेल. मी ओरडलो. बाराही गच्च्यांवर त्या वेळी नेमकं कोणी नव्हतं. नळाला पाणी आलं होतं.

आता लोकांना मी सांगतो, की २००४ मध्ये 'नेचर'मध्ये जर्मनीतल्या संशोधकांचा अभ्यास छापून आला: तीन महिने जगलिंग शिकलेल्यांच्या मेंदूतला करडा भाग काही ठिकाणी वाढलेला दिसला. सराव सोडल्यावर तो कमी झाला, हा पुढचा भाग मी सांगत नाही. घरात मात्र तो लगेच विचारला गेला. इटलीचा रास्तेल्ली दहा चेंडू फिरवायचा, हेही मी सांगतो, त्यावर "मग तुमचे सात कुठे गेले?" असं येतं. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० मध्ये सर्कस काढली, तेव्हापासून चेंडू झेलणारा मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर आहे. पण तंबूतल्या माणसाला टाळ्या आणि गच्चीवरच्याला तब्येतीची चौकशी, हा फरक काही गेला नाही. रामो सामी नावाचा मद्रासकडचा जादूगार तर एकोणिसाव्या शतकात लंडन गाजवत होता, आणि हॅझलिटसारख्या निबंधकारानं १८२१ मध्ये पितळेचे चार गोळे झेलणाऱ्या हिंदी खेळाडूवर लेख लिहिला. त्याला लंडनमध्ये कोणी 'कायले?' म्हणून विचारलं नसावं.

तुम्हाला शिकायचं असेल तर टेनिसचे चेंडू आणू नका. ज्वारी घ्या, पिशव्या ढिल्या भरा, खाट भिंतीशी लावा आणि पापड आधी उचलून ठेवा. मोबाईलवरचे व्हिडिओ नंतर बघा. घरात किंवा आळीत सागरगोटे खेळलेली कोणी आजी असेल तर आधी तिला विचारा. फक्त पिशव्या तिच्या हातात दिल्यावर लगेच परत मिळतील अशी आशा धरू नका. आमच्यातली जरीच्या काठाची अजून खालच्या आळीत आहे.